स्किझोफ्रेनियाचा रुग्ण आणि वस्तीतला डॉक्टर

रात्री साडेदहाची वेळ होती. दवाखान्याचं शटर मी अर्धं खाली ओढलं होतं, तेवढ्यात समोर ऑटो थांबला आणि चार-पाच माणसं उतरली. त्यांच्या मधे बावीस-तेवीस वर्षांचा एक मुलगा. मान एका बाजूला पार वळलेली, बुबुळं वर चढलेली, जबडा आवळलेला. शुद्ध मात्र पूर्ण होती. घाबरून त्याने आईचा हात घट्ट धरून ठेवला होता. सोबतचा शेजारी म्हणाला, "डॉक्टरसाहेब, हे काही बाहेरचंच दिसून राहिलं. आम्ही तर दुसरीकडेच नेत होतो, पण याची आई ऐकतच नव्हती."

आईच्या हातात एक चुरगळलेला कागद होता. मनोविकारतज्ज्ञांची चिठ्ठी, तीनच दिवसांपूर्वीची. तिच्यावर हॅलोपेरिडॉलचं नाव वाचलं आणि पुढचं काही विचारायची गरज उरली नाही. फेनरगनचं इंजेक्शन दिलं, मुलाला बाकावर झोपवलं आणि सगळ्यांना पाणी दिलं. अर्ध्या तासाच्या आत मान सरळ झाली, डोळे खाली आले. मुलगा पहिलं वाक्य बोलला ते असं, "आई, घरी चल."

बाहेरचं काही नव्हतं. हॅलोपेरिडॉलसारख्या औषधाने सुरुवातीच्या काही दिवसांत, विशेषतः तरुण मुलांमध्ये, मानेचे, जबड्याचे, डोळ्यांचे स्नायू असे आखडू शकतात. दिसायला भयंकर, पण उपाय साधा. वस्तीतल्या डॉक्टरला हे ठाऊक असेल तर काम अर्ध्या तासाचं. ठाऊक नसेल तर? ऑटो दुसरीकडे गेला असता, "गोळ्यांनी पोराची मान मोडली" अशी बातमी सकाळपर्यंत गल्लीभर झाली असती आणि तो मुलगा पुन्हा गोळी तोंडात घालायला तयार झाला नसता. त्याच्या आजाराचं नाव होतं स्किझोफ्रेनिया.

या आजाराचं निदान आणि औषधाची निवड हे मनोविकारतज्ज्ञाचं काम आहे, त्याबद्दल वाद नाही. पण तज्ज्ञ रुग्णाला महिन्यातून एकदा भेटतो, तेही सरकारी ओपीडीच्या गर्दीत दहा मिनिटं. उरलेले एकोणतीस दिवस रुग्ण घरात असतो, वस्तीत असतो. त्या दिवसांत त्याला ताप येतो, मान वाकडी होते, गोळ्या संपतात, बाप वैतागतो, आई रडते. अशा वेळी ज्याच्या दवाखान्याची पायरी चढायला लाज वाटत नाही असा एकच डॉक्टर असतो, आपला नेहमीचा. या पानावर आज त्याच्याबद्दल, म्हणजे माझ्यासारख्याबद्दल, लिहायचं आहे. आम्ही काय करू शकतो, काय करत नाही आणि तुम्ही आमच्याकडून काय मागून घ्यायला हवं.

आधी आजाराबद्दल थोडं. मराठीत त्याला छिन्नमनस्कता म्हणतात आणि या शब्दाने बराच घोटाळा केला आहे. एका माणसात दोन माणसं राहतात, असं लोकांना वाटतं. सिनेमावाल्यांनी त्यात भर घातली. तसं काही नसतं. कुणी बोलत नसताना आवाज ऐकू येणं, लोक आपल्यावर पाळत ठेवतात किंवा जेवणात काही घालतात अशी पक्की खात्री असणं, बोलण्याचा धागा तुटणं, आणि हळूहळू उत्साह, बोलणं, अंघोळ, कामधंदा सगळंच मंदावत जाणं, अशी या आजाराची लक्षणं आहेत. मुलांमध्ये बहुधा अठरा ते पंचविशीच्या दरम्यान सुरू होतो, मुलींमध्ये काहीसा उशिरा. शंभर माणसांमागे साधारण एकाला, किंवा त्याहून किंचित कमी जणांना, आयुष्यात कधीतरी हा आजार होतो. म्हणजे हजार-दीड हजार घरांच्या वस्तीत असे अनेकजण असणारच. मग ते दिसत का नाहीत? कारण ते मागच्या खोलीत असतात.

ज्यांनी 'देवराई' हा सुमित्रा भावे आणि सुनील सुकथनकर यांचा २००४ सालचा चित्रपट पाहिला असेल त्यांना अतुल कुलकर्णीने उभा केलेला माणूस आठवेल आणि त्याला सांभाळताना थकलेली बहीणही. या आजारात घरातलं कुणीतरी नेहमी असं थकत असतं. मराठीत या क्षेत्रात काम करणाऱ्यांनी दोन चांगले शब्द रुळवले आहेत. आजार असलेली व्यक्ती 'शुभार्थी' आणि तिला सांभाळणारी व्यक्ती 'शुभंकर'. मला सवयीने रुग्णच तोंडात येतं, पण शुभंकर हा शब्द मी आवर्जून वापरतो. त्या माणसाला आजवर कुणी नावच दिलं नव्हतं.

बंगळुरूच्या निमहान्स संस्थेने २०१५-१६ मध्ये बारा राज्यांत राष्ट्रीय मानसिक आरोग्य सर्वेक्षण केलं. गंभीर मानसिक आजार असलेल्या दर चार माणसांपैकी जवळपास तिघांना उपचार मिळत नाहीत, असं त्यातून दिसलं. देशात एक लाख लोकांमागे एक पूर्ण मनोविकारतज्ज्ञसुद्धा वाट्याला येत नाही. पण सगळा दोष डॉक्टरांच्या तुटवड्यावर ढकलता येणार नाही. नागपुरात तज्ज्ञ आहेत, मेडिकलला विभाग आहे, प्रादेशिक मनोरुग्णालय आहे. तरीही लोक जात नाहीत, कारण त्या रुग्णालयाजवळच्या चौकालाच गावाने पागलखाना चौक म्हणून टाकलं. तिथे पोराला घेऊन उतरताना कुणी पाहिलं तर, या धास्तीने माझ्या ओळखीच्या एका कुटुंबाने तब्बल चार वर्षं घालवली.

आणि एक गोष्ट, जी या मासिकाच्या वाचकांशी मोकळेपणाने बोलायला हवी. १९५६ नंतर आपल्या घरांतले देव्हारे गेले, अंगात येणं, उतारा, गंडेदोरे आपण मागे टाकले. तरीही भिंतीवर बाबासाहेबांचा फोटो असलेल्या घरातून रात्री गुपचूप एखाद्या बाबाकडे नेलेली पोरं मी पाहिली आहेत. सकाळी मनगटावर दोरा असतो आणि बाही खाली ओढलेली असते. मी त्यांना रागावत नाही. पंधरा दिवस न झोपलेली आई जे दार उघडं दिसेल तिथे जाते. प्रश्न एवढाच, की माझं दार तिला उघडं का दिसलं नाही. भूत उतरवण्याच्या नावाखाली माणसाला बांधून ठेवणं, मारहाण करणं हा महाराष्ट्रात २०१३ च्या जादूटोणाविरोधी कायद्याने गुन्हा आहे, आणि मानसिक आजारी माणसाला साखळीने बांधायला २०१७ च्या मानसिक आरोग्यसेवा कायद्यानेही मनाई आहे. २००१ च्या ऑगस्टमध्ये तामिळनाडूतल्या एरवाडीला दर्ग्याच्या आसऱ्याने चाललेल्या एका निवाऱ्याला आग लागली. साखळीने बांधलेली माणसं पळू शकली नाहीत. अठ्ठावीस जीव गेले.

आता माझ्या कामाकडे येतो. पोरगा वेड्यासारखा करतो म्हणून पहिल्यांदा आणतात तेव्हा माझं पहिलं काम स्किझोफ्रेनिया ओळखणं नसून बाकीचं वगळणं हे आहे. दोन दिवसांत अचानक बडबडायला लागलेला, ताप असलेला, दिवस की रात्र तेही न कळणारा माणूस मनोरुग्ण समजून पाठवला आणि निघाला मेंदूचा ताप किंवा मलेरिया, तर ते कुणाला परवडणार? रोज पिणाऱ्याने दारू एकदम सोडली की तिसऱ्या दिवशी त्याला भिंतीवर किडे दिसतात, हात थरथरतात. त्याचा उपचार वेगळा आणि तातडीचा. थायरॉइड, फिट्स, डोक्याला मार, गांजा, हे सगळं विचारून आणि तपासून घ्यावं लागतं. यातलं काही नसेल, महिना-दोन महिने हळूहळू बदल होत गेला असेल, कॉलेज सुटलं असेल, एकटाच हसत-बोलत असेल, तर मग तज्ज्ञाकडे.

पाठवण्याचीही एक पद्धत असते. आम्ही बरेच डॉक्टर चिठ्ठीवर "मानसोपचार" एवढंच खरडतो आणि मोकळे होतो. ती चिठ्ठी घेऊन दहातले किती जण पोहोचतात, हे मी एकदा मोजायचं ठरवलं होतं. दोन महिन्यांत लाज वाटून मोजणं सोडलं. आता मी फोन करतो, कोणत्या वारी ओपीडी असते ते कागदावर लिहून देतो, कोणता केसपेपर काढायचा ते सांगतो, आणि परत आल्यावर मला भेटायलाच हवं असं बजावतो. मुलाशीही थेट बोलतो. "तुला वेड लागलंय" असं म्हणत नाही आणि "तुला काही झालं नाही" असंही म्हणत नाही. आवाज खरे की खोटे यावर वाद घालण्यात काही मिळत नाही, त्याला ते खरंच ऐकू येत असतात. "तुझी झोप गेली आहे, तू घाबरलेला आहेस, त्यावर औषध आहे", एवढं त्याला बहुतेक वेळा पटतं. झोप हे फार चांगलं दार आहे. संशय कितीही असला तरी झोप हवीच असते.

खरी लढाई पुढे असते. औषध लागू पडतं. दोन-तीन महिन्यांत आवाज मंदावतात, मुलगा जेवतो, बोलतो. घरच्यांना वाटतं, झाला बरा. आणि गोळ्या थांबतात. कधी मुलगाच थांबवतो, कारण गोळीने सुस्ती येते, हात थरथरतात, वजन वाढतं. कधी मावशी सांगते, "या गोळ्यांची सवय लागते." सवय लागत नाही. या औषधांची नशा होत नाही की ती वाढवत जावीशी वाटत नाहीत. पहिल्या झटक्यानंतर बरं वाटू लागल्यावरही निदान वर्षभर, बरेचदा दोन वर्षं आणि काहींना त्याहून पुष्कळ काळ ती घ्यावी लागतात. औषध मध्येच सोडणाऱ्यांपैकी बहुतेकांचा आजार उलटतो आणि लगेच नाही, काही आठवड्यांनी किंवा महिन्यांनी उलटतो. म्हणूनच फसायला होतं. गोळी सोडल्यावर पहिला महिना उलट छान जातो, सुस्ती जाते, चेहऱ्यावर तरतरी येते. सगळे म्हणतात, बघा, गोळ्यांनीच बिघडवलं होतं. आणि दिवाळीला सोडलेली गोळी होळीपर्यंत हिशेब चुकता करते.

इथे वस्तीतला डॉक्टर सगळ्यात जास्त उपयोगी पडतो, आणि त्यासाठी त्याला मनोविकारशास्त्रातली पदवी लागत नाही, वही लागते. माझ्याकडे एक निळी वही आहे. तज्ज्ञांनी ज्यांना लांब मुदतीचं इंजेक्शन लिहून दिलं आहे, फ्लुफेनाझिन किंवा हॅलोपेरिडॉलचं, ते कंबरेत घेतलं की दोन ते चार आठवडे रोजच्या गोळीची कटकट कमी होते. तारीख वहीत असते. तारीख उलटून तीन दिवस झाले की मी घरी फोन करतो, फोन लागला नाही तर कंपाउंडरला सायकलवर पाठवतो. रोज गोळी घेणाऱ्यांचं पाकीट मी हातात घेऊन रिकामे खळगे मोजतो. पोलिसासारखं नाही. "तीन राहिल्या, मला वाटतं तू रविवारी मामाकडे गेला होतास" असं म्हटलं की तो हसतो आणि खरं सांगतो. गोळी नको वाटते तर का नको, ते विचारतो. थरथर असेल तर त्यावर उपाय आहे, सुस्ती असेल तर मात्रा रात्री घेता येते का ते तज्ज्ञांना विचारता येतं. पॅसिटेनसारखी थरथरीवरची गोळी मात्र स्वतःच्या मनाने वाढवू देत नाही. काही मुलांना तिची चटक लागते.

वरणात किंवा चहात गोळी मिसळून देणाऱ्या आया मला नेहमी भेटतात. "सांगितलं तर घेत नाही, मग काय करू?" या प्रश्नाचं सोपं उत्तर माझ्याकडे नाही. ज्या मुलाला आधीच जेवणात काही घालतात असा संशय आहे, त्याच्या जेवणात खरंच काही घातलं आणि त्याने ते पाहिलं, तर पुढची पाच वर्षं त्याचा कुणावर विश्वास बसणार नाही, एवढं मी सांगतो. मग त्याला घेऊन या म्हणतो. लांब मुदतीच्या इंजेक्शनला असे काहीजण तयार होतात, रोज रोज हार पत्करल्यासारखं वाटत नाही म्हणून.

आता ज्या गोष्टीसाठी हा लेख लिहायला घेतला, तिच्यावर येतो.

काही वर्षांपूर्वी माझ्याकडे एक गृहस्थ येत. वय चव्वेचाळीस, आजार वीस वर्षांचा, ओलान्झापिनवर बऱ्यापैकी स्थिर. धाकट्या भावाकडे राहत, दुकानावर बसत. शेजारचे लोक छातीत करंट सोडतात, ही त्यांची जुनी तक्रार होती आणि आम्हा सगळ्यांना ती पाठ होती. एका संध्याकाळी ते आले आणि म्हणाले, "डॉक्टर, आज करंट लय जोरात आहे. हातापर्यंत येऊन राहिला." दवाखान्यात गर्दी होती. मी हसून म्हटलं, "गोळ्या नियमित घेता ना?" घेतो म्हणाले. मी गॅसची गोळी दिली. दुसऱ्या दिवशी सकाळी त्यांचा भाऊ मृत्यूचा दाखला मागायला आला.

त्या संध्याकाळी मी त्यांचं बीपीसुद्धा घेतलं नव्हतं. सहा वर्षांत त्यांचं वजन चौदा किलोंनी वाढलं होतं आणि साखर मी एकदाही तपासली नव्हती. हेच शब्द त्यांच्या भावाने, "छातीत दुखून हातात कळ येऊन राहिली" असे सांगितले असते, तर मी त्याला तिथल्या तिथे मेडिकलला पाठवलं असतं. माणूस तोच, छाती तीच. पण तक्रार वेड्याची होती.

स्किझोफ्रेनिया असलेली माणसं इतरांपेक्षा सरासरी दहा ते वीस वर्षं लवकर जातात. आत्महत्या हे एक कारण आहे आणि त्याकडे दुर्लक्ष करता येत नाही. आयुष्यभरात सुमारे वीसात एकजण असा जातो, विशेषतः आजाराच्या सुरुवातीच्या वर्षांत. पण जास्त माणसं जातात ती हृदयविकाराने, मधुमेहाने, फुप्फुसांच्या आजाराने, म्हणजे ज्या आजारांवर माझ्यासारख्याच्या दवाखान्यात रोज उपचार होतात त्यांनीच. औषधांनी वजन आणि साखर वाढते, विशेषतः ओलान्झापिन आणि क्लोझापिनने. बसून राहणं वाढतं. विडी वाढते. आणि डॉक्टर म्हणतो, याचं तर डोक्याचं आहे. मनोविकारतज्ज्ञाला वाटतं बाकीचं फॅमिली डॉक्टर बघतो, फॅमिली डॉक्टरला वाटतं हा तज्ज्ञाचा पेशंट. मधल्या जागेत माणूस मरतो.

त्या घटनेपासून माझ्याकडे एक नियम आहे. या आजाराच्या माणसाने दुखतं म्हटलं की ते कितीही विचित्र शब्दांत असो, आधी तपासायचं, लागला तर ईसीजी काढायचा, मनाचं नंतर. औषध सुरू होताना वजन, कंबरेचं माप, बीपी, उपाशीपोटीची साखर, चरबीची तपासणी. तीन महिन्यांनी पुन्हा, मग दरवर्षी. वजन दर भेटीला. हे काही महागाचं काम नाही. मोजपट्टी आणि वजनकाटा प्रत्येक दवाखान्यात असतो. वाचकहो, तुमच्या घरात असा रुग्ण असेल तर डॉक्टरांनी नाही विचारलं तरी तुम्ही म्हणा, "साहेब, याची साखर बघून घ्या."

आणखी काही गोष्टी घरात ठाऊक असाव्यात. क्लोझापिन हे औषध जिथे बाकीची औषधं हरतात तिथे कामाला येतं, पण त्यात क्वचित रक्तातल्या पांढऱ्या पेशी धोकादायक पातळीपर्यंत उतरतात. म्हणून सुरुवातीचे काही महिने दर आठवड्याला रक्त तपासतात. क्लोझापिन चालू असताना घसा दुखून ताप आला तर "सर्दी आहे, क्रोसिन घे" असं करायचं नाही, त्याच दिवशी रक्त तपासायचं. याच औषधाने बद्धकोष्ठताही होते आणि ती साधी समजू नये, आतडं थांबण्यापर्यंत मजल जाते. विडी-सिगारेटच्या धुराने क्लोझापिन आणि ओलान्झापिन शरीरात लवकर निकामी होतात, म्हणून विडी एकदम सोडली की रक्तात औषध वाढतं. विडी सोडा, जरूर सोडा, पण डॉक्टरांना सांगून. खर्ऱ्याने असा फरक पडत नाही, त्याचं नुकसान वेगळंच आहे. यातलं कुठलंही औषध चालू असताना जोराचा ताप, अंग लाकडासारखं ताठ आणि भान हरपणं, हे तिन्ही एकत्र दिसलं तर एक तासही घरी थांबू नका, मोठ्या रुग्णालयात न्या.

आपल्याकडचा उन्हाळा हाही एक विषय आहे. यातल्या काही औषधांनी घाम कमी येतो, तहान लागलेली कळत नाही. मे महिन्यात पत्र्याच्या खोलीत पडून राहिलेल्या अशा माणसाला उष्माघात चटकन होतो. दुपारी त्याला पाणी कुणी दिलं का, एवढं विचारणारा माणूस घरात हवा.

बायकांचं आणखी निराळं. रिस्पेरिडॉनसारख्या औषधाने पाळी थांबू शकते, कधी छातीतून दूध येतं. सासरी कुणाला सांगायचं? दिवस गेले असं वाटून ती गोळ्या बंद करते, किंवा सासू बंद करते. आणि खरंच दिवस गेले असतील तरी स्वतःहून औषध थांबवू नये. बाळंतपणाच्या आगेमागे आजार उलटला तर आई आणि बाळ दोघांच्या जिवावर येतं. तज्ज्ञ औषध बदलून देऊ शकतात. मुलींना तज्ज्ञाकडे नेण्यात घरचे मुलांपेक्षा जास्त उशीर करतात, हा माझा अनुभव आहे. लग्न मोडेल ही भीती.

लग्नावरून आठवलं. "लग्न करून दिलं की बरा होईल." हे वाक्य मी निदान शंभर वेळा ऐकलं असेल. लग्न हे औषध नाही. आजार लपवून केलेल्या लग्नात दोन घरं बुडतात, आणि दुसऱ्या घरातल्या मुलीने कुणाचं काय बिघडवलं होतं? पण स्थिर असलेल्या, काम करणाऱ्या, औषध घेणाऱ्या माणसाने आजार सांगून लग्न केलं आणि संसार नीट चालला, अशीही जोडपी माझ्या वहीत आहेत. तीन.

घरातल्या वातावरणाबद्दल एवढंच सांगतो, की सतत टोमणे, आरडाओरडा आणि दिवसभराची टेहळणी असलेल्या घरात आजार जास्त वेळा उलटतो, हे अभ्यासांतून पुन्हा पुन्हा दिसलं आहे. "आळशी झालाय" असं बाप म्हणतो तेव्हा मी त्याला समजावतो, हा आळस नाही, आजाराचंच लक्षण आहे, आवाजांपेक्षा चिवट. त्यावर शिव्या चालत नाहीत, छोटं काम चालतं. पाणी भरणं, दूध आणणं, मग एखादं अर्ध्या दिवसाचं काम. सातारा, गोवा आणि तामिळनाडू इथे २८२ रुग्णांवर झालेला एक अभ्यास २०१४ मध्ये लॅन्सेट या वैद्यकीय नियतकालिकात छापून आला. त्यात गावातल्याच, डॉक्टर नसलेल्या माणसांना शिकवून रुग्णांच्या घरी पाठवलं होतं. औषधाची आठवण, कुटुंबाशी बोलणं, कामाला लावायला मदत, एवढंच त्यांचं काम. नुसत्या दवाखान्यातल्या उपचारापेक्षा त्या रुग्णांची लक्षणं आणि अडचणी थोड्या जास्त कमी झाल्या. थोड्याच, फार मोठा चमत्कार नाही. पण माझ्या मते तो थोडा फरकच एखाद्या घरात मुलगा मागच्या खोलीत राहतो की पुढच्या, हे ठरवतो.

अंगावर धावून जाणारा, स्वतःला इजा करू पाहणारा रुग्ण असेल तर २०१७ च्या कायद्याने कोणत्याही नोंदणीकृत डॉक्टरला, जीव वाचवण्यापुरता तातडीचा उपचार ७२ तासांपर्यंत देता येतो. त्याने नेमलेला प्रतिनिधी हजर असेल तर त्याची संमती घ्यायची. म्हणजे "हे आमचं काम नाही" असं म्हणून मला हात वर करता येत नाहीत. रस्त्यावर भटकणाऱ्या मानसिक आजारी माणसाला ताब्यात घेऊन चोवीस तासांच्या आत सरकारी रुग्णालयात नेण्याची जबाबदारी पोलिसांची आहे. मध्यरात्री काही सुचत नसेल तर टेली मानसचा १४४१६ हा सरकारी क्रमांक चोवीस तास चालू असतो, मराठीत बोलता येतं, पैसे लागत नाहीत. तो नंबर मी दवाखान्याच्या भिंतीवर रंगवून घेतला आहे. आणि ज्यांचा आजार जुना आहे त्यांनी दिव्यांग प्रमाणपत्रासाठी अर्ज करावा. २०१६ च्या कायद्यात मानसिक आजार दिव्यांगत्वात मोडतो आणि प्रमाण ४० टक्क्यांच्या वर भरलं तर सवलती मिळतात. उत्पन्नाच्या आणि इतर अटींत बसत असेल तर संजय गांधी निराधार योजनेचाही अर्ज करता येतो. हे कागद आम्ही डॉक्टर लोक सांगत नाही, कारण आम्हालाच माहीत नसतात. मी स्वतः ते एका रुग्णाच्या बहिणीकडून शिकलो.

त्या रात्रीच्या मुलाचं औषध तज्ज्ञांनी दुसऱ्या दिवशीच बदललं. त्या गोष्टीला आता सात वर्षं झाली. मधे एकदा त्याने गोळ्या सोडल्या, आजार उलटला, तीन आठवडे भरती राहावं लागलं. तेव्हापासून तो इंजेक्शनवर आहे. आवाज पूर्ण गेलेले नाहीत. संध्याकाळी थोडे येतात, म्हणतो. काकांच्या पिठाच्या गिरणीवर सकाळपासून दोनपर्यंत काम करतो, गिरणीच्या आवाजात दुसरे आवाज ऐकू येत नाहीत म्हणून त्याला ते काम आवडतं. दर चौथ्या शनिवारी केसांवर पिठाची पूड घेऊन दवाखान्यात येतो, आधी स्वतःहून काट्यावर उभा राहतो आणि माझ्या कंपाउंडरला आकडा वाचायच्या आधीच सांगतो, चप्पल अर्ध्या किलोची आहे, ती वजा करा.